भाकीत आणि निदान

पोलादाच्या भट्टीत रस उकळत असतानाच त्याचा नमुना काढतात, कर्बाचे प्रमाण तपासतात आणि काही उणे-अधिक आढळले तर ते भट्टीतच दुरुस्त करतात. रूळ तयार होऊन थंड झाल्यावरही त्याची परीक्षा होतेच. पण तेव्हा दोष सापडला, तर तो रूळ बाजूला काढण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. भिलाईसारख्या पोलादनगरीत ही गोष्ट नवलाची नाही. विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा विचार मात्र आपण बहुधा थंड झालेल्या रुळासारखाच करीत आलो आहोत.

भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, सेक्टरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि वसाहतींबरोबर शाळा आल्या. शेतीवाडी मागे ठेवून आलेल्या कुटुंबांना मुलांच्या शिक्षणाखेरीज दुसरा वारसा नव्हता. साहजिकच बारावीच्या गुणपत्रिकेला या नगरीत फार मोठे मोल आले.

त्या गुणपत्रिकेची खरी कसोटी २०२१ साली लागली. महामारीमुळे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १ जून रोजी बारावीची परीक्षा रद्द केली. दहावीच्या गुणांना तीस टक्के, अकरावीला तीस आणि बारावीतील चाचण्यांना चाळीस टक्के भार देऊन निकाल लावावा, असे ठरले. शिवाय शाळेच्या मागील तीन वर्षांतील सर्वांत चांगल्या निकालाचे वर्ष आधारभूत धरून नव्या गुणांना मर्यादा घातली गेली. राज्य मंडळाने त्याच महिन्यात निराळा मार्ग धरला: विद्यार्थ्यांनी प्रश्नपत्रिका घरी न्यावी आणि पाच दिवसांत उत्तरपत्रिका परत करावी. अशा रीतीने भिलाईत शेजारी राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने उत्तरे घरी बसून लिहिली आणि दुसऱ्याच्या बाबतीत पूर्वीच्या गुणांवरून बांधलेला अंदाज हाच निकाल ठरला. शेवटच्या तीन महिन्यांत नेटाने मागचे भरून काढणारा जो विद्यार्थी असतो, त्याला या हिशेबात जागाच नव्हती.

आदल्याच वर्षी इंग्लंडात हेच संकट अधिक तीव्रतेने अनुभवास आले होते. शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी श्रेणी शाळेच्या पूर्वीच्या निकालांशी जुळवून घेताना शेकडा सुमारे एकोणचाळीस श्रेणी खाली आणल्या गेल्या. लोकक्षोभ उसळला आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी ती पद्धत मागे घ्यावी लागली. थोरल्या भावंडांच्या यशापयशावरून धाकट्याचे भवितव्य ठरवणे न्यायाचे नव्हे, हे तेथील विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन सांगितले.

वस्तुतः मुलाच्या प्रगतीचा अंदाज घेण्याचे शास्त्र जन्मले ते निराळ्याच हेतूने. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी आपली कसोटी रचली, ती मुलांना क्रम लावण्यासाठी नव्हे, तर कोणत्या मुलाला विशेष साहाय्य हवे हे ओळखण्यासाठी. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी त्या कसोट्या कानडी व मराठी मुलांच्या भाषेत आणि अनुभवविश्वात बसवल्या. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. अशा साहाय्याची निकड किती होती, हे १९२९ च्या हार्टोग समितीने दाखवून दिलेच होते. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीपर्यंत पोहोचली होती अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी मुले मंदबुद्धीची होती, असे कोण म्हणेल? ती कोठे अडखळली, हे वेळीच कोणी पाहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याची वर्षानुवर्षांची प्रगतिनोंद ठेवावी आणि एकाच बाह्य परीक्षेचे प्राबल्य कमी करावे, असे सुचविले. ही नोंद म्हणजे भट्टीतील नमुनाच होय. सहामाहीच्या गुणांवरून वार्षिक परीक्षेचा अंदाज कोणताही अनुभवी शिक्षक करू शकतो. अवघड आहे ते पुढचे काम: गणितात मागे पडलेल्या मुलाचा अपूर्णांकांचा पाया कच्चा आहे, की त्याला प्रश्नाची भाषाच उमगत नाही, की घरी अभ्यासाला कोपराच नाही, हे शोधून काढणे. कुवत आणि गुण यांत जे अंतर पडते, त्याचे कारण प्रत्येक मुलागणिक वेगळे असते. बेरजेत ते दिसत नाही. उत्तरपत्रिकेतील चुकांत दिसते.

भाकितात एक धोकाही आहे. अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुले निवडून, ही लवकरच चमकतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले होते. आणि खालच्या वर्गांतील अशा मुलांनी खरोखरच अधिक प्रगती दाखविली. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरीही ‘याच्याने काही व्हायचे नाही’ हे गुरुजींच्या मनातले वाक्य मुलाला न उच्चारताही ऐकू जाते, हे कोणत्याही वर्गात मागच्या बाकावर बसलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ज्योतिष्याचे भाकीत खरे ठरले तर त्याची कीर्ती वाढते. वैद्याचे तसे नाही. रोग बळावेल असे तो सांगतो आणि तो बळावू नये म्हणून औषध देतो. त्याचे भाकीत चुकले, यातच त्याचे यश असते. शिक्षकाने मार्चचा निकाल ऑगस्टमध्ये वर्तवावा तो वैद्याच्या वृत्तीने. ‘हा पस्तिशीतच अडकेल’ अशी नोंद ज्याच्या नावापुढे झाली, त्या मुलाने मार्चमध्ये ती खोटी पाडावी, आणि ती खोटी पाडण्यात गुरुजींचाही हात असावा, याहून चांगला निकाल कोणत्याही शाळेला लागणार नाही.