कॅमेरा लावलाय, पण स्क्रीन काळी? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासून बघा

विहिरीवरची मोटर, कांदा चाळ, गोठा, किराणा दुकान, सगळीकडे आता कॅमेरे दिसतात. पण कॅमेरा बंद पडलाय हे बऱ्याचदा कळतं ते चोरी झाल्यावरच. केबल गेलेली असते, घाईघाईने स्क्रीन बघावी तर काळा चौकोन आणि त्यावर 'व्हिडिओ लॉस' असं लिहिलेलं. मग कॅमेराच गेला असं समजून लोक थेट नवा आणतात. खरं तर अनेकदा दोष कॅमेऱ्यात नसतो. तो विजेत, वायरमध्ये किंवा जॅकमध्ये असतो. तो शोधायची पद्धत सोपी आहे.

पहिला प्रश्न : एक बंद आहे की सगळे?

▪ मॉनिटरवर काहीच नाही, डीव्हीआरचा मेनूसुद्धा नाही : डीव्हीआरचे दिवे लागलेत का बघा. लागले असतील तर मॉनिटरची वायर घट्ट करा. टीव्ही जोडला असेल तर रिमोटवरून बरोबर एचडीएमआय निवडलाय का बघा.

▪ मेनू दिसतो, पण सगळेच कॅमेरे काळे : सगळ्या कॅमेऱ्यांना वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा बंद असण्याची शक्यता जास्त.

▪ एकच कॅमेरा काळा : दोष त्याच कॅमेऱ्याच्या लाइनमध्ये शोधा.

▪ मॉनिटरवर दिसतं, मोबाइलवर नाही : कॅमेरे ठीक आहेत. राउटर, नेटचं रिचार्ज किंवा ॲपचा पासवर्ड तपासा.

एकच कॅमेरा बंद असेल तर

१) वीज पोहोचतेय का? संध्याकाळी अंधार पडल्यावर कॅमेऱ्याकडे बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत काचेभोवती बारीक लाल दिवे लागतात. डोळ्यांना दिसले नाहीत तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. दिवसा तपासायचं असेल तर कॅमेऱ्याचं तोंड हाताने झाकून धरा. दिवे लागले म्हणजे वीज पोहोचतेय. नाही लागले तर आधी अडॅप्टर आणि त्याची पिन तपासा.

२) डीव्हीआरच्या मागे पिनांची अदलाबदल करा. बंद कॅमेऱ्याची गोल पिन काढून चालू कॅमेऱ्याच्या जागी लावा. तिथे चित्र आलं तर डीव्हीआरचं ते पोर्ट खराब आहे. दुसरं रिकामं पोर्ट वापरा. तिथेही काळंच राहिलं तर दोष वायरमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे.

३) कॅमेरा खाली उतरवून डीव्हीआरजवळ आणा. छोटी वायर आणि चांगला अडॅप्टर लावून बघा. चित्र आलं तर कॅमेरा चांगला आहे, मधली वायर गेली आहे. नाही आलं तरच कॅमेरा दुरुस्तीला न्या.

४) वायर बघताना आधी जॉइंट बघा. पावसाचं पाणी शिरून तिथे हिरवट-पांढरी बुरशी धरते. तेवढा भाग कापून नवीन पिन लावा. नुसती चिकटपट्टी पावसाळाभर टिकत नाही, जॉइंट प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवा. गोठ्यात आणि चाळीत उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा.

दिवसा दिसतं, रात्री चित्र जातं

शेतात ही तक्रार नेहमीची. साधा कॅमेरा १२ व्होल्टवर चालतो. रात्री त्याचे दिवे लागले की तो जास्त करंट ओढतो. वायर लांब आणि बारीक असेल तर शेवटपर्यंत व्होल्टेज पोहोचत नाही आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. वायरमनकडून रात्रीच्या वेळी कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावून घ्या. आकडा १२ पेक्षा बराच खाली दिसला तर जाड वायर टाका, किंवा अडॅप्टर कॅमेऱ्याजवळच पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवा. व्होल्टेज कमी पडतंय म्हणून २४ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका, कॅमेरा जळेल.

रात्री चित्र पांढरं धुरकट दिसत असेल तर मात्र काचेवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं. मऊ कापडाने पुसून घ्या.

नवा कॅमेरा लावला, तरी चित्र नाही

जुना डीव्हीआर २ मेगापिक्सेलचा आणि नवा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा असेल तर जोडी जमत नाही. घेण्याआधी डीव्हीआरच्या मागच्या लेबलचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

सिमवाला सोलर कॅमेरा आणि वायफाय कॅमेरा

सिमवाल्या कॅमेऱ्यात आधी रिचार्ज संपलंय का बघा. कॅमेरा बंद करून सिम काढा, मोबाइलमध्ये घालून त्याच जागी नेट चालतं का तपासा. सोलर पॅनेलवर धूळ किंवा झाडाची सावली असेल तर बॅटरी भरत नाही. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस असले की बॅटरी उतरणारच.

वायफाय कॅमेरा असेल तर राउटर किंवा त्याचा पासवर्ड बदललाय का आठवून बघा. बदलला असेल तर कॅमेरा ॲपमध्ये पुन्हा जोडावा लागतो. जोडताना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा, कारण बरेच कॅमेरे फक्त त्यावरच चालतात.

चित्र दिसतं म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही!

खरी फसगत इथे होते. हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्ड खराब झालं तरी समोर चित्र दिसत राहतं, मागचं मात्र काहीच साठत नाही. म्हणून प्लेबॅकमध्ये जाऊन कालचं रात्रीचं रेकॉर्डिंग लावून बघा. तारीख आणि वेळ बरोबर आहे का तेही बघा. वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर डीव्हीआरमधला छोटा सेल बदलून घ्या.

चोरी झालीच तर

११२ वर कळवा. डीव्हीआर रिसेट किंवा फॉरमॅट करू नका. जागा भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं, म्हणून त्या वेळेचं रेकॉर्डिंग लवकरात लवकर पेन ड्राइव्हवर घ्या आणि मूळ डीव्हीआर जपून ठेवा. कोर्टात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याबाबत तपास अधिकाऱ्यांना विचारा.

एवढं सांभाळा

▪ पॉवर सप्लायचा डबा उघडण्याआधी मेन स्विच बंद करा. आत २३० व्होल्ट असतात. ओल्या हाताने किंवा पावसात शिडीवर चढू नका.

▪ कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, बिलावरचा किंवा खोक्यावरचाच लावा. कोणी ओटीपी मागितला किंवा मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा.

आठवड्यातला एक वार ठरवा, बाजाराचा दिवस धरला तर लक्षात राहतो. प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र आणि आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग बघायला पाच मिनिटं लागतात. चोरी झाल्यावर ही पाच मिनिटं परत मिळत नाहीत.