जात्याला दुसरा हात

आषाढ लागला की आमच्या घरात दोन निराळी कामे एकदम सुरू होत. वडील माळ्यावरची पताका काढून झटकीत, टाळांची दोरी बदलीत. आणि आई त्यांच्या शिदोरीसाठी दशम्या थापायला बसे. पंढरपूर आमच्या गावाहून तीन मजलांवर. वडिलांची वारी सव्वीस वर्षे चुकली नाही. आईची एकदाही घडली नाही. लहानपणी मी तिला विचारले होते, "आई, तू गं कधी जाणार?" ती म्हणाली, "जाईन की. पण गाभण म्हैस कुणाच्या गळ्यात बांधू?" म्हैस व्याली, मग पेरणी आली, मग आजी अंथरुणाला खिळली. आई गेली ती पंढरी न पाहताच.

दहाव्याला जमलेली मंडळी म्हणाली, "माउलीने संसारातच पंढरी केली." त्या वेळी बरे वाटले. पुढे वर्गात सावता माळ्यांची गोष्ट सांगताना मीही तेच सांगू लागलो, की देव मळ्यात आहे, घरात आहे, कामात आहे. एके दिवशी पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, सावतोबा मळ्यात असायचे, मग त्यांच्या घरी दळण कोण दळायचं?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मॅट्रिकपुरते शिकलेला मी शाळामास्तर; इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार तो केवढा! पण त्या पोरीला उत्तर द्यायचे म्हणून संतांची चरित्रे पुन्हा उघडली.

काळ देवगिरीच्या यादवांचा. त्यांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा अवाढव्य ग्रंथ रचला. त्यात शेकडो व्रते आहेत, दाने आहेत, श्राद्धांचे विधी आहेत. देव गाठायचा तर सवड हवी, गाठीला पैसा हवा आणि जन्माने आलेला अधिकार हवा. कुणब्याने, कुंभाराने, मोलकरणीने काय करायचे? याच काळात, १२९० साली, नेवाशाला 'ज्ञानेश्वरी' झाली आणि आपापले विहित कर्म हीच ईश्वराची पूजा, हा विचार मराठीत आला. तो विचार मळ्यात नेला सावतोबांनी.

सोलापूर जिल्ह्यातले अरण हे त्यांचे गाव. त्यांचे अभंग हाती उरले आहेत ते जेमतेम पस्तीस-चाळीस. त्यांना भाजीपाल्यात, मोटेत, विहिरीत आणि दोरात विठ्ठल दिसला. पंढरपूर जवळ असूनही त्यांनी मळा सोडला नाही, असे परंपरा सांगते. १२९५ साली ते गेले. बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. अरणला मात्र पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी जाते. माणूस देवाकडे गेला नाही, तर देवाने त्याच्याकडे यावे, हा केवढा मोठा मान!

पण त्या मुलीचा प्रश्न तसाच राहिला. सावतोबांच्या पत्नीचे नाव जनाई होते, एवढे परंपरेतून हाती लागले. जावई भजनात इतके दंग झाले की दारी आलेल्या सासुरवाडीच्या माणसांकडे त्यांचे लक्षच गेले नाही आणि जनाई संतापली, अशी एक कथाही आहे. दळणाबद्दल कुठे अक्षर नाही.

मग तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवली. ती मी लहानपणी कीर्तनात ऐकली, तेव्हा आईच्या मांडीवर होतो. माती तुडवता तुडवता काका भजनात रंगले आणि त्यांचे रांगते मूल पायांखाली गेले. पुढे विठ्ठलाने मूल परत दिले, म्हणून कीर्तनकार टाळ्या घेत असे. आता वाचताना मला त्या बाईचा आक्रोश ऐकू आला. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. पण ती सांभाळून ठेवणाऱ्या लोकांना एक गोष्ट ठाऊक होती. कामात देव पाहणारा माणूसही घरचे माणूस विसरू शकतो.

चोखोबांना तर निवडच नव्हती. त्यांना देवळात पाऊल टाकण्याची बंदी. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी देव आपल्या झोपडीत बोलावला, त्यामागे बाहेर ठेवल्याचे दुःख आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, देवळाबाहेर आहे. ते दार त्यांच्या माणसांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. 'देव सगळीकडेच आहे, मग देवळात कशाला यायचे?' असे चोखोबांना ऐकवणे सोपे होते. ऐकवणारा आत उभा होता, एवढेच.

शेवटी जनाबाईपाशी आलो. गोदाकाठच्या गंगाखेडची ही पोर पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत दळण आहे, कांडण आहे, शेण गोळा करणे आहे, पाणी भरणे आहे. ते वाचताना माझ्या ध्यानात आले की ही बाई सावतोबांच्याही पुढे एक पाऊल गेली आहे. तिचा विठ्ठल नुसता कामात 'असत' नाही. तो काम करतो. तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेण वेचतो, तिची वेणीही घालतो. राबणाऱ्या बाईला 'तुझ्या राबण्यातच देव आहे' असे सांगून तो बाजूला बसत नाही.

जात्याला खुंटा एक. पण समोरासमोर बसून तो दोघींनी धरला की दळण हलके होते, हे दळणारीलाच ठाऊक. जनाबाईला दुसरा हात द्यायला माणूस नव्हते, म्हणून तिने देवाला बसवले. सहा शतकांनंतर जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींनी लिहिता-वाचता येत नसताना घरोट्यावर, चुलीपाशी, शेतात गाणी रचली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ती गाणी छापून निघाली. त्यांनाही देव पेरणीत आणि संसारातच भेटला.

त्या मुलीला मी उत्तर दिले, "जनाईच दळत असणार, बाळ. आणि कुणी लिहून ठेवले नाही." ती म्हणाली, "मग आपण लिहूया." तिने वहीत ते लिहिले.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ते आता थकले आहेत. पताका माळ्यावरच असते. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तिनं कधी हाक मारली नाही रे." मी काही बोललो नाही. आमच्या घरी गिरणी आल्यावरही तुरी भरडायला जाते होतेच. आई भल्या पहाटे एकटी भरडीत असे, आणि त्या घरघरीवर मी सुखाने झोपत असे. हाक तिने मलाही मारली नव्हती.

ते जाते परसात तुळशीपाशी आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. चकलीची भाजणी यंदा मी भाजायला घेतली, तेव्हा बायकोने आश्चर्याने पाहिले, पण उलथने हातात दिले. तांदूळ झाले, हरभऱ्याची डाळ कढईत पडली. खमंग वास सुटला. जनाबाईचा विठ्ठल असाच चुलीपाशी बसला असता का, या विचारात मी हरवलो, तोच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "अहो, डाळ करपतेय! लक्ष कुठंय तुमचं?"