निद्रेच्या अवस्था आणि ‘विवेकसिंधू’

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे भाविकांस परिचित आहे. तेथून पूर्वेकडे, बालाघाटाच्याच डोंगररांगांत, अंबाजोगाई आहे. तेथे मुकुंदराजांची समाधी दाखवितात. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा रचनाकाल परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानला जातो. हा काल विवाद्य आहे. ग्रंथातील अंबानगर म्हणजे वैनगंगेकाठचे आंभोरे, असे म्हणणारा पक्षही दुर्बळ नाही.

असो. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थांचा विचार या ग्रंथाने मराठीत आणला. विभागणी मूळची मांडूक्योपनिषदातील. परंतु संस्कृत न जाणणाऱ्यासही ती खुली झाली, हे थोडके नव्हे. वादाचा खरा मुद्दा सुषुप्तीचा. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य म्हणतो, ‘सुखाने झोपलो, काहीच कळले नाही.’ वेदान्ती विचारतो, न कळल्याची ही आठवण ठेवली कोणी?

पाश्चात्त्य शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे निराळ्या वाटेने आले. मेंदूतील विद्युत्‌तरंगांचे मनुष्यावरील आलेख हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२९ साली प्रसिद्ध केले. १९३७ मध्ये लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आलेखांवरून निद्रेचे पाच टप्पे पाडले. पुढे १९५३ मध्ये शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांना आढळले की, निजलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड मधून मधून वेगाने फिरतात आणि त्याच वेळी उठविले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. त्या वेळी मेंदू जागृतासारखा चाललेला असतो, स्नायू मात्र शिथिल पडलेले असतात.

स्वप्न आणि सुषुप्ती भिन्न, हे यंत्रानेही दाखविले, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. गाढ निद्रेतून उठविलेली माणसेही कधी कधी स्वप्ने सांगतात. शिवाय अवस्थांच्या प्रचलित गणनेत स्वप्न आधी व सुषुप्ती नंतर येते. निरोगी प्रौढ मनुष्य मात्र प्रथम गाढ झोपेत उतरतो, आणि स्वप्नबहुल निद्रेची पहिली पाळी सुमारे ९० मिनिटांनी येते. आणि ती आठवण कोणी ठेवली, याचे उत्तर आलेखाच्या रेषेत अद्याप सापडलेले नाही.

रात्र सरत जाते तसतशा या पाळ्या लांबतात. पहाटेचे स्वप्न खरे होते, असे घरोघरी म्हणतात. ते खरे होवो वा न होवो, पहाटे स्वप्ने अधिक पडतात, आणि लगेच जाग आल्याने ती ध्यानातही राहतात.