वजाबाकीतला जास्तीचा दिवस

एक्सेलमध्ये ए१ ला २८ फेब्रुवारी १९००, ए२ ला १ मार्च १९०० टाका आणि =ए२-ए१ करून बघा. उत्तर २! पण १९०० लीप वर्ष नव्हतंच (१०० ने भाग जातो, ४०० ने नाही). मग ही २९ तारीख आली कुठून?

हे लोटस १-२-३ चं देणं. १९८३ साली आलेल्या या प्रोग्रॅमने १९०० लीप धरलं होतं. लोटसच्या फाइल्स बिनबोभाट चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून ठेवली. आज दुरुस्त करायची तर पुढच्या प्रत्येक तारखेचा आकडा एकाने घटेल. कोण हात लावणार?

मॅकवरच्या जुन्या एक्सेलने १९०४ पासून मोजून ही भानगड टाळली. पण तिथली तारीख इकडे कॉपी केली की फरक १४६२ दिवसांचा, आणि त्यातला एक हाच, कधीच न उगवलेला.