तोफेची युक्ती पेनाला

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात हातानं पेन करायला बसलो आणि ॲल्युमिनियमच्या कांडीतलं पहिलंच भोक तिरकं गेलं. टोकाला भिंत कागदासारखी पातळ, कांडी भंगारात. कारागीर म्हणाले, ‘‘ड्रिल नको, जॉब फिरवा.’’ ही तर तोफांची युक्ती! अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या मारित्झ घराण्यानं भरीव ओतलेली तोफच फिरवली. हत्यार फक्त पुढं सरकवलं. मग ते सहसा भरकटत नाही. पिळाच्या ड्रिलचं मोर्सचं पेटंट १८६३चं. ॲल्युमिनियम स्वस्त झालं १८८६नंतर. धातू मऊ, म्हणून सोपा वाटतो. पण कीस पिळात चिकटतो. म्हणून आधी सेंटर ड्रिल, मग थोडं आत, पुन्हा बाहेर, वर रॉकेलचे थेंब. शेवटी रीमर. दुसऱ्या कांडीची भिंत सगळीकडून सारखी निघाली.