खुंझा हुमायून : पुसलेली राणी आणि तिचं घर

मागच्या वेळी आपण वसईच्या कोटापाशी थांबलो होतो. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, तिथपर्यंत. आज कोटाच्या बाहेर पडू. खाडी ओलांडून पूर्वेकडे कल्याण-भिवंडीच्या अंगाने गेलं की त्या काळी दुसऱ्या राज्याची हद्द लागायची, अहमदनगरच्या निजामशाहीची. वसईकरांना हे शेजारी चांगले माहीत होते. कधी व्यापार, कधी तह, कधी लढाई. त्या शेजारच्या घरातली एक बाई हा आजचा विषय. तिच्या मुलीचं नाव इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, चांदबीबी. आईचं नाव विचारलं तर बहुतेक सगळे गप्प बसतील. आम्हीही पुष्कळ वर्षं गप्पच बसलो असतो. तिचं नाव खुंझा हुमायून.

सुरुवात एका पोथीपासून करू. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचं एक फारसी काव्य आहे. आफताबी या कवीने ते हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी लिहिलं. त्यात राणीचीही तारीफ आहे. पोथीत मुळात चौदा चित्रं होती, आज बारा उरली आहेत. दख्खनी चित्रकलेचे हे अगदी आरंभीचे नमुने मानले जातात. १९८७ साली डॉ. जी. टी. कुलकर्णी आणि डॉ. म. श्री. माटे यांनी संपादन करून मंडळातर्फे ते प्रसिद्ध केलं. या चित्रांत राजा सिंहासनावर बसला आहे, दासी आहेत, चवऱ्या ढाळल्या जात आहेत. आणि राजाच्या शेजारी, अगदी खेटून, रंग खरवडून काढलेला एक डाग आहे. एका चित्रात असता तर म्हटलं असतं, वाळवी लागली, ओल आली. पण डाग पुन्हा पुन्हा तिथेच येतो. जिथे राणी बसलेली होती तिथेच. हे काम कोणीतरी हाताने, ठरवून केलेलं आहे.

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, इतिहास नव्हे. म्हणून हा डाग बघताना आम्हाला आधी न्याय-वैशेषिकांची आठवण झाली. ते म्हणतात, 'नसणं' हासुद्धा एक पदार्थ आहे, त्याला अभाव म्हणायचं. आणि प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो. जमिनीवर घट नाही, असं म्हणताना घट काय असतो हे ठाऊक असावं लागतं. मग ते अभावाचे प्रकार करतात. त्यातले दोन आज लागतील. वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता, कधी नसेल, हा अत्यंताभाव. घट होता आणि फुटला, हा प्रध्वंसाभाव. आता प्रश्न असा की आपल्या मध्ययुगाच्या इतिहासात बाया दिसत नाहीत, ते यांपैकी कोणतं नसणं? आपण सहज पहिलं गृहीत धरतो. त्या पडद्यात होत्या, राजकारणात नव्हत्याच. ही पोथी सांगते की निदान एका ठिकाणी तरी गोष्ट दुसरी आहे. बाई होती, आणि पुसली.

आता ती होती कोण ते पाहू. आणि तिच्याकडे जाण्याआधी तिच्या सासरची थोडी ओळख हवी, कारण या घराण्यात सुनांचे प्रश्न जुने होते. हुसेनचा बाप पहिला बुऱ्हाण निजामशहा. त्याने अमीना नावाच्या नर्तकीशी लग्न केलं, हुसेन तिचाच मुलगा. पुढे १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाणला दिली. लग्न सोलापूरला झालं आणि सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून द्यायचं ठरलं. तो दिला नाही. शिवाय आपल्या बहिणीवर अमीनेची सरशी होते, ही विजापूरची तक्रार. बघा, एका किल्ल्याचा हुंडा राहिला आणि दोन राज्यं त्यावर चाळीस वर्षं लढत राहिली.

हुसेन १५५३ साली गादीवर आला, तोही भावाशी झगडून. खुंझा हुमायून त्याची राणी. तिचं मूळ घराणं अझरबैजानकडच्या तुर्कमान राजवंशाशी जोडतात. तिला हुसेनपासून मुर्तझा आणि बुऱ्हाण हे मुलगे झाले, चांद ही मुलगी. १५६४ मध्ये विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या शाह्यांची एकजूट करायची ठरली तेव्हा ती याच लेकरांच्या लग्नांनी बांधली गेली. चांद विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला. म्हणजे मरियमच्या वेळचा राहिलेला हुंडा चांदच्या वेळी उलट बाजूने चुकता झाला! अलीची बहीण मुर्तझाला केली. पुढल्याच जानेवारीत राक्षसतागडीची लढाई झाली, रामराया मारला गेला. आणि त्याच वर्षी, १५६५ मध्ये, विजयी हुसेन निजामशहाही वारला.

मुर्तझा वयाने लहान. कारभार आईने हाती घेतला. ही काही नावापुरती गोष्ट नव्हती. अली आदिलशहा विजयनगरचा उरलासुरला मुलूख गिळायला निघाला तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांनी मदत मागितली ती या बाईकडे. ती मुलाला घेऊन सैन्यासह थेट विजापूरवर चालून गेली. अलीला मोहीम सोडून परतावं लागलं. आता यातलं नातं लक्षात घ्या. अली तिचा जावई, विजापूरच्या महालात तिची पोर. तरीही ती गेली, कारण विजापूर फार मोठं झालं तर अहमदनगर उरणार नाही, हा हिशेब तिला कळत होता. पुढे त्याच जावयाशी समेट करून वऱ्हाडवर संयुक्त स्वारीही झाली.

हे सगळं आपल्याला बरंचसं कळतं ते फिरिश्ता या इतिहासकाराकडून. तो लहानपणी अहमदनगरला आला, तिथेच वाढला, मुर्तझाच्या चाकरीत होता आणि नंतर विजापूरला जाऊन त्याने आपला ग्रंथ लिहिला. तो खुंझा हुमायूनवर एक आरोप नोंदवतो. तिने ऐन-उल्-मुल्क आणि ताजखान या आपल्या भावांना मोठमोठ्या जहागिरी दिल्या आणि त्यामुळे दरबारी दुखावले. हा आरोप आम्ही झटकून टाकणार नाही. तिने माहेरची माणसं भरली हे खरं दिसतं. पण तिच्या जागी उभं राहून पाहा. परकी बाई, नवरा गेलेला, मुलगा अजाण, भोवती प्रत्येक सरदाराची स्वतःची फौज. ती विश्वास कोणावर ठेवणार? त्या काळी गादीवर बसलेला प्रत्येक पुरुष आपली माणसं भरतच होता. त्याला तेव्हा राजनीती म्हणत. बाईने केलं की तेच माहेरपण ठरलं.

सरदारांनी मुर्तझाला फितवलं. पहिला कट फसला, आणि तोही मोठ्या विलक्षण रीतीने. ठरलेल्या वेळी आईने मुलाला नेमकं बोलावणं पाठवलं. मुलाला वाटलं, हिला सगळं कळलं. घाबरून त्याने आपणहून कट सांगून टाकला. मुलगा राजा होता, पण आईसमोर अजून मुलगाच होता. दुसरा प्रयत्न १५६९ मध्ये झाला. विजापूरच्या एका सरदाराने धारूरकडचा मुलूख दाबला होता, त्याच्यावर सैन्य निघालं होतं, राणी छावणीत होती. हबशखान तिला पकडायला आला. फिरिश्ता सांगतो की ती बुरखा घेऊन, हत्यारं लावून घोड्यावर बसली. उपयोग झाला नाही. ती कैद झाली आणि तिला किल्ल्यावर पाठवलं. तिच्या राजकारणाचा वृत्तांत तिथे संपतो.

पोथीतला डाग बहुधा यानंतरचा. काव्य १५६५ ते १५६९ च्या दरम्यानचं, म्हणजे तिच्याच अमलातलं. तिचा अंमल गेला तेव्हा चित्रातली तिची जागाही गेली. राजाशेजारी सिंहासनावर बसलेली राणी हे दृश्य दरबारी चित्रांत तसंही विरळाच. कैदेत गेलेली आई त्या जागी दिसत राहणं नव्या कारभाऱ्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

पण पुसणाऱ्याच्या हातून एक चित्र सुटलं. त्यात एक स्त्री झाडाला स्पर्श करते आहे आणि झाड फुलून आलं आहे. हा आपल्याकडचा जुना कविसंकेत, दोहद. तरुण स्त्रीचा स्पर्श झाल्याखेरीज अशोक फुलत नाही, असं संस्कृत कवी म्हणत आले. आपला मराठी 'डोहाळे' हा शब्द त्या दोहदातूनच आला. फारसी काव्य, तुर्कमान वंशाची राणी, आणि तिच्या स्तुतीसाठी वापरलेला संकेत मात्र या मातीतला. पुसणाऱ्याला ती राणी वाटली नसेल, झाडाजवळची कोणी बाई वाटली असेल. म्हणून राहिली.

तिच्या घराचं पुढे काय झालं ते आता थोडक्यात सांगतो. आई कैदेत असताना १५७० मध्ये मुर्तझाने चौलला वेढा घातला, जावयाने गोव्याला. दोघांनाही पोर्तुगीज हटले नाहीत. मुर्तझा पुढे एकांतात कोंडून घेऊ लागला, लोक त्याला दिवाना म्हणू लागले. १५८८ मध्ये त्याच्या स्वतःच्या मुलाने, मीरान हुसेनने, त्याला हमामात कोंडून मारलं. ज्याने आईला कैद केलं त्याचा शेवट मुलाच्या हातून झाला. यात न्याय शोधू नका. बाप-मुलगा, आई-मुलगा हे नातंच त्या गादीने नासवलं होतं, एवढंच यातून दिसतं. दुसरा मुलगा बुऱ्हाण १५९१ ला गादीवर आला. त्याने रेवदंड्यासमोर कोर्लईला ठाणं बांधलं आणि चौलच्या पोर्तुगीजांना जेरीस आणलं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी कोर्लई घेतली तेव्हा चौलच्या मदतीला कुमक गेली ती वसई आणि साष्टीहून. खुंझा हुमायूनच्या लेकाशी लढायला आपल्या या किनाऱ्यावरून माणसं गेली होती, हेही लक्षात असू द्या.

आणि चांद. १५८० मध्ये अली मारला गेला. नऊ वर्षांच्या इब्राहिमसाठी तिने विजापूरचा कारभार पाहिला. तिलाही सरदारांनी कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवलं. ती सुटली, पुढे माहेरी आली. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरला वेढा दिला तेव्हा सुरुंगाने पडलेली तटाची भिंत तिने रातोरात उभी करवली. १६०० मध्ये ती आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. आईने जे केलं तेच मुलीने केलं. लहान राजासाठी राज्य सांभाळलं, घोड्यावर बसली, कैद भोगली. फरक इतकाच की मुलगी मोगलांशी लढली, म्हणून ती वीरांगना झाली. आई घरच्या सरदारांशी लढली, म्हणून ती डाग झाली.

नगरजवळ डोंगरावर एक भव्य इमारत आहे. लोक तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. ती खरं तर मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. म्हणजे लोकांची आठवण उदार असते. वजिराच्या कबरीवरसुद्धा ती मुलीचं नाव लावते. आईच्या नावाने मात्र आपण एकही दगड ओळखत नाही.

शेवटी एक छोटंसं काम सांगतो. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी वंशावळ असेल. वाडवळ असा, सामवेदी असा, कोळी असा, आगरी असा, ख्रिस्ती असा, घरी गेल्यावर ती उघडून बघा. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ओळीने सापडतील. त्या प्रत्येकाला जन्म देणारी कोणीतरी होती. तिथे डागसुद्धा नाही, कागद स्वच्छ आहे, आणि म्हणून आपल्याला वाटतं की तिथे कधी कोणी नव्हतंच. घरात अजून एखादी म्हातारी असेल तर तिला आजच विचारा, तिच्या आजीचं नाव काय होतं. ती सांगेल. लिहून ठेवा.