पैनगंगेच्या दोन तीरांवरचा स्वातंत्र्यदिन

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव या तालुक्याच्या ठिकाणी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी शासकीय ध्वजवंदन होते. पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यातील माहूर गाठले की त्यात चौथ्या दिवसाची भर पडते. तो दिवस म्हणजे १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दोन्ही तीरांवर भाषा एक, सणवार एक आणि नातीगोतीही जुनी. तरीही राष्ट्रीय दिनांच्या यादीत हा फरक आहे. त्याचे कारण या नदीच्या राजकीय इतिहासात सापडते.

पैनगंगा ही वऱ्हाड आणि मराठवाडा यांची सीमा. वऱ्हाडही मूळचे निजामाच्या राज्यातलेच. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ब्रिटिशांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. निजामाचे स्वामित्व नावापुरतेच उरले. ब्रिटिश अमलाखालील या भागात राष्ट्रीय चळवळ रुजली. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रह झाला.

त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ रोजी नदीच्या उत्तरेकडील गावे स्वतंत्र भारतात होती. दक्षिणेकडे मात्र हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकविणे हा राजद्रोह ठरत होता. हैदराबादेत त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. महागावच्या शेजारील उमरखेडसह सीमेलगतच्या भारतीय गावांत मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली. रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळलेल्या अनेक कुटुंबांनी सीमा ओलांडून भारतीय हद्दीत आसरा घेतला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. एका तीरावरचे स्वातंत्र्य दुसऱ्या तीरावर पोहोचण्यास तेरा महिने लागले. कोकण किनाऱ्यावर ही प्रतीक्षा याहून दीर्घ ठरली. तेरेखोल नदीच्या पलीकडील गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेमुळे वऱ्हाड आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. १ मे १९६० पासून दोन्ही तीर महाराष्ट्राचे झाले आणि नदी केवळ जिल्ह्याची सीमा उरली.

आज तालुक्याच्या गावी स्वातंत्र्यदिनाचे स्वरूप ठरलेले असते. सकाळी प्रभातफेरी, शाळांत आणि तहसील कार्यालयात ध्वजारोहण, विद्यार्थ्यांची भाषणे, खाऊवाटप आणि ग्रामपंचायतींच्या ग्रामसभा असा हा क्रम असतो. १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवून फडकविला जातो; प्रजासत्ताकदिनी तो आधीच वर बांधलेला असतो आणि केवळ उलगडला जातो. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकांनाही वर्षभर राष्ट्रध्वज फडकविण्याची मुभा दिली.

ही मुभा आज सहज वाटते. परंतु पैनगंगेच्या दक्षिण तीरावर याच ध्वजासाठी माणसांनी तुरुंगवास भोगला आणि प्राणही वेचले. महागावच्या शाळांतून १५ ऑगस्टचा इतिहास सांगताना नदीपलीकडच्या १७ सप्टेंबरचीही ओळख करून दिली, तर विद्यार्थ्यांना आपल्याच परिसराचा हा राहून गेलेला अध्याय कळेल.